पोस्टमनचं पत्र लक्षात राहिलं, जोक एकही नाही

अगं, तुझी सात मिनिटांची व्हॉइस नोट दोनदा ऐकली. मुद्दा कळला. चला हवा येऊ द्याचे जुने एपिसोड लावून बसलीस, अर्ध्या तासात एकदाही हसू आलं नाही, आणि आता प्रश्न पडलाय की हे कधी खरंच फनी होतं, की आपण जेवताना चालू असायचं म्हणून हसायचो. त्यात तुला स्किट लिहायला शिकायचंय, म्हणून जास्तच टेन्शन.

तर तुझं काही चुकलं नाही. पूर्ण एपिसोड हसवणारा असा बहुतेक कधीच नव्हता. २०१४ ला सुरू झालेला शो २०२४ पर्यंत चालला, दहा वर्षं गं, आणि माणसं बरीचशी तीच, मग सुचणार तरी किती? जे हमखास चालतं ते परत परत येतं, पुरुषाला साडी नेसवा, कुणाच्या तरी दिसण्यावरून बोला, झालं स्किट. भाऊ कदम नुसता येऊन उभा राहिला तरी मला हसू यायचं, अजून येतं, पण ते लिखाण नाही, तो भाऊ आहे. हा फरक कळायला मला फार वर्षं लागली. तू एक कर, आवडतं स्किट ऐकून संवाद वहीत उतरव आणि दुसऱ्या दिवशी नुसतं वाच. बऱ्याचदा पानावर काहीच उरत नाही.

आणि त्या शोमधलं आज कुणाला काही विचार, पोस्टमन सांगतील. सागर कारंडे खाकी कपड्यात पत्र वाचायचा, अरविंद जगतापांनी लिहिलेली ती पत्रं, समोरचे पाहुणे डोळे पुसायचे. हसवायच्या कार्यक्रमातलं रडवणारं तेवढं टिकलं! मला वाटतं कारण साधं आहे, त्या पाच मिनिटांत लिहिणाऱ्याकडे सांगायला काहीतरी होतं. बाकी वेळ पिक्चरच्या प्रमोशनला आलेली मंडळी समोर बसलेली, ती हसणारच, आणि कॅमेरा त्यांच्यावर गेला की घरी आपण पण हसतो. महाराष्ट्राची हास्यजत्रा घे, त्यातले परीक्षक सई ताम्हणकर आणि प्रसाद ओकचे हसरे चेहरे काढून बघ ना एकदा, किती स्किट उभी राहतात. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदारची बरीच राहतात, कारण ती दोघं एकमेकांचं ऐकायची, आपल्या पंचलाईनची वाट बघत उभी नाही राहायची.

अमेरिकेत सॅटर्डे नाईट लाईव्ह हा स्किटचा शो १९७५ पासून चालूय, तिथेही प्रत्येक पिढी म्हणते आमच्या वेळचं भारी होतं. पण त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. लाईव्ह जायच्या काही तास आधी खऱ्या प्रेक्षकांसमोर अख्खी रिहर्सल करतात आणि जे पडलं ते त्याच रात्री कापतात. तरीही पडतात काही, ते सोड.

मी एका चॅनेलसाठी तीन महिने लिहिलं होतं तेव्हा असं काही नव्हतं. वाचताना खोलीभर हशा, आणि शूटला चौथ्या टेकला स्पॉटदादा पण हसेनात, तर वरचा माणूस म्हणाला काळजी नको, एडिटला हसण्याचा आवाज टाकू. टाकला. घरी माझी बायको पण त्या आवाजावर हसली, स्किटवर नाही.

तर रविवारी येताना दोन पानांचं लिहून आण, चार नको. आधी आईला वाचून दाखवू नकोस, ती तुझी आई आहे, हसेल. मेसवाल्या काकूंना दाखव, त्या पोळ्या लाटत असताना. लाटणं थांबलं तर मला फोन कर.