सांगलीत महिन्याला ७००-८०० किलोमीटर फिरणं. सहा वर्षांनी विकायची तर पेट्रोल गाडी घ्यावी की डिझेल?

तुम्ही दिलेली माहिती अशी: विश्रामबागेत घर, कुपवाडला नोकरी, महिन्याचं फिरणं सात-आठशे किलोमीटर, गाडी सहा वर्षांनी काढायची. साडेनऊ लाखांची पेट्रोल मनात आहे, पण ‘डिझेलला रिसेल चांगला’ असं जो तो सांगतोय म्हणून त्याच गाडीच्या अकरा लाखांच्या डिझेलकडे नजर जातेय. शिवाय एजंटने मारुतीची २०१८ ची डिझेल ब्रेझा दाखवलीय, तीही डोक्यात आहे.

मी सांगली-साताऱ्यात जुन्या गाड्यांच्या व्हॅल्युएशनचं काम करतो. बँकेने कर्ज देण्याआधी गाडी बघायची आणि किंमत लिहून द्यायची. विकणाऱ्याचं कमिशन नाही आणि घेणाऱ्याचंही नाही, म्हणून थेट सांगतो: या फिरण्याला नवी डिझेल घेऊ नका. ब्रेझाचा विचार करायला हरकत नाही, पण आपल्या गावात एक गोष्ट तपासल्याशिवाय नाही. ती शेवटी सांगतो.

‘डिझेलला रिसेल’ ही समजूत उगाच आलेली नाही. पेट्रोलचे दर २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात होते. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं. लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक म्हटल्यावर डिझेल स्विफ्टसाठी लोक महिनोन्‌महिने थांबत आणि पेट्रोल गाड्या शोरूममध्ये धूळ खात. त्या काळात जुनी डिझेल दारात उभी करायची खोटी, संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक यायचं. ज्यांनी तेव्हा गाड्या विकल्या, तेच आज तुम्हाला सल्ला देतायत. आता आपल्याकडे पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ च्या आसपास आहे, म्हणजे फरक तेरा रुपयांवर आलाय.

आता हिशेब मांडू. साडेनऊ लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १,०४,५००. अकरा लाखांची डिझेल दहा लाखांच्या वरच्या टप्प्यात जाते, तिला १४ टक्के, म्हणजे १,५४,०००. एक्स-शोरूमचे दीड लाख आणि टॅक्सचे जवळजवळ पन्नास हजार धरून डिझेलसाठी तुम्ही दारातच दोन लाख जास्त मोजता. यातले टॅक्सचे पन्नास हजार कधीच परत येत नाहीत. गाडी विकताना ‘मी टॅक्स भरलाय’ म्हणून कुणी वेगळे पैसे देत नाही.

सहा वर्षांनी दोन्ही गाड्यांना किमतीच्या ४५ टक्के आले असं धरा. डिझेल ४ लाख ९५ हजारांना जाईल, पेट्रोल ४ लाख साडेसत्तावीस हजारांना. शेजारी म्हणेल, बघा, डिझेल साडेसदुसष्ट हजारांनी महाग गेली! पण तिने खाल्ले सहा लाख पाच हजार आणि पेट्रोलने सव्वापाच लाखांच्या आत. टक्केवारी तीच, तोटा वेगळा. रिसेलच्या गप्पा नेहमी हाती आलेल्या रकमेवर होतात, गेलेल्या रकमेवर होत नाहीत.

तर दोन लाखांतले साडेसदुसष्ट हजार परत आले, एक लाख बत्तीस हजार उरले. ते इंधनातून भरून निघायला हवेत. पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज १६ धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये, डिझेलचं २० धरलं तर साडेचार रुपये आणि पाच पैसे. किलोमीटरमागे वाचतात १ रुपया ९५ पैसे. म्हणजे सुमारे ६८ हजार किलोमीटर पळाल्यावर कुठे बरोबरी होते. तुमचं सहा वर्षांचं फिरणं होतं ५४ हजार. सरळ सत्तावीस हजारांचा तोटा, आणि जास्तीच्या रकमेवरचं कर्जाचं व्याज व सर्व्हिसिंग अजून यात धरलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, डिझेलला ४५ नाही, ५० टक्के मिळतात. मिळाले तर हिशेब उलटतो आणि जवळजवळ तेवढाच फायदा होतो. म्हणजे सगळं भांडण या पाच टक्क्यांचं आहे. ते मिळणार की नाही, हे सहा वर्षांनी तुमच्या दारात कोण येणार यावर ठरतं.

आपल्या भागात जुनी डिझेल कोण घेतं ते बघा. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा यांना मरण नाही. तासगाव-कवठे महांकाळकडचे बागायतदार, पाटण-जावळीकडे घाटात राहणारे, वडापवाले, लग्नाच्या भाड्यावर गाडी फिरवणारे, यांना चढाला-ओझ्याला ओढणारं इंजिन लागतं आणि ते वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर सहज करतात. असा माणूस बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, “डिझेल हाय न्हवं?” द्राक्षाचे नाहीतर उसाचे पैसे आले की या गाड्यांचा भाव चढतोही. या गिऱ्हाइकाला मी पाच टक्के काय, त्याहून जास्त देताना पाहिलंय. पण तो तुमची चार मीटरच्या आतली, विश्रामबाग-कुपवाड फिरलेली गाडी शोधत नसतो. ती घेणारा तुमच्यासारखाच नोकरदार असणार, आणि तो तुम्ही आज विचारताय तेच विचारणार: डिझेल कशाला?

त्यात नव्या डिझेलचं दुखणं वेगळं आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. फोक्सवॅगन, स्कोडा, रेनो यांनीही तेच केलं. २०२३ मध्ये नियम आणखी कडक झाले तेव्हा होंडा बाहेर पडली. जे राहिले त्यांच्या डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. त्यात साचलेली काजळी गाडी तापून सलग वेगात पळाली की जळून जाते. चौकाच्या सिग्नलला उभी, पुढच्या गतिरोधकाला उभी, दहा मिनिटांत बंद, अशा फिरण्यात ती जळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो. मग गाडी मुद्दाम पेठ नाक्यापर्यंत न्यायची, हायवेला लावायची आणि परत आणायची. काही मॉडेलना वर युरियाचं द्रावणही भरावं लागतं. सहा वर्षांची, वॉरंटी संपलेली, शहरात फिरलेली बीएस-६ डिझेल बघताना कुठलाही जाणता मेकॅनिक घेणाऱ्याच्या कानात जाळी, इंजेक्टर आणि टर्बो हे तीनच शब्द सांगतो. तेवढ्यावर भाव तुटतो.

तुम्ही दर आठवड्याला पुण्याला जाऊन येत असता तर मी उलटं सांगितलं असतं. जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर किलोमीटर, तेही हायवेचे. वर्षाला बावीस-तेवीस हजार होतात, जाळी साफ राहते आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत डिझेलने आपले पैसे वसूल केलेले असतात.

‘डिझेल दहा वर्षांत भंगारात’ ही भीती मात्र मनातून काढून टाका. ती दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्याची गोष्ट आहे. हरित लवादाने २०१४ मध्ये तिथे पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना आणि २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. महाराष्ट्रात खासगी गाडीचं पासिंग दोन्ही इंधनांना पंधरा वर्षं, पुढे गाडी तपासून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षं वाढतं. त्या बंदीमुळे तिकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येतात हे खरं. स्वस्त दिसल्या तरी एनओसी, इथला टॅक्स आणि नवीन नंबर होईपर्यंतची दगदग धरून बघा, बहुतेकदा आपली सांगली पासिंगची एमएच-१० परवडते.

पेट्रोलवाल्यांनीही हुरळून जायचं कारण नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. जुन्या बनावटीच्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज त्याने ६-७ टक्क्यांनी घटू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय. त्यामुळे जुनी पेट्रोल घेणारा हल्ली “ई-२० ला चालते का?” असं विचारू लागलाय. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना ही अडचण नाही, आणि तुमची तर नवीच असणार. सीएनजीचं एका ओळीत: टॅक्स कमी, रिसेल सध्या जोरात, डिकी गेली.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. जुन्या गाडीची किंमत तुम्ही काय मोजलं यावरून ठरत नाही, तीच गाडी आज नवी केवढ्याला मिळते यावरून ठरते. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी एकदम १८ टक्क्यांवर आला. आधी पेट्रोलला सेससह २९ आणि डिझेलला ३१ होता. शोरूमचा भाव उतरला तसा उभ्या गाड्यांचाही उतरला, आणि डिझेलला दोन टक्क्यांचा धक्का जास्त. विम्याचा घसारा मात्र इंधन बघत नाही. आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, तक्त्यात पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाला १५, दोन वर्षांना २०, मग ३०, ४० आणि पाच वर्षं भरताना ५०, दोघांना सारखेच. एजंट कधी हाच तक्ता पुढे करून भाव पाडतो. तो विमा कंपनीचा हिशेब आहे, बाजाराचा नाही, असं त्याला खुशाल सांगा.

आता ब्रेझा. २०१८ ची म्हणजे बीएस-४, त्यात फियाटच्या बनावटीचं १२४८ सीसीचं इंजिन. हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, एर्टिगात आणि टाटाच्या गाड्यांतही आलेलं, त्यामुळे मिरजेपासून जतपर्यंत कुठल्याही मेकॅनिकचा त्यावर हात बसलाय. वर सांगितलेली जाळीची कटकट यात नाही. पहिल्या वर्षांची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली, आणि अशी छोटी डिझेल मारुती आता नवीन मिळत नाही, म्हणून चांगली असेल तर भाव टिकून आहे. मीटरवर विश्वास ठेवू नका, शोरूमचा सर्व्हिस रेकॉर्ड काढा. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटरवर पन्नास हजार, असं असेल तर मीटर मागे फिरवलेला आहे.

पण सांगलीत २०१८ ची गाडी म्हणजे तिने ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलाय, आणि जुलै २०२१ चासुद्धा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि गावभागापासून कितीतरी तळघरांत गाड्या बुडून होत्या. त्यातल्या पुष्कळ धुऊन-पुसून परत बाजारात आल्या. अशा गाडीचं इंजिन उघडून नीट करता येतं, वायरिंग मात्र पुढची कित्येक वर्षं दगा देत राहतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ असते, तिथपर्यंत धुणारा पोचत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा, पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर हिरवट थर आहे का बघा. मग कागद. २०१९-२० आणि २०२१-२२ च्या विम्याच्या पॉलिसी मागा. मालक तोच असून नो क्लेम बोनस मध्येच शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय, आणि ट्रान्सफरच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

हे करायला तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला अर्धा दिवस पुरतो. एजंट गाडी अर्धा दिवस सोडायला तयार नसेल तर दुसरी बघा, ब्रेझा या भागात काही कमी नाहीत.