फवारणीचा रिपोर्ट आणि आईचा विसर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ६८ वर्षांची, वर्षभरापासून विसरते. मेंदूतल्या एन्झाइमवरून (शरीरातली कामं घडवून आणणाऱ्या प्रथिनावरून) डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आधीच कळतो असं तुम्हाला मोबाइलवर वाचायला मिळालं. फवारणीत विष भिनलं तेव्हा वडिलांच्या रिपोर्टात ‘कोलिनेस्टरेझ’ पाहिलं होतं, तर तीच तपासणी आईची नागपूरला करावी का, असं विचारता.

नका करू. मी आयुष्यभर लॅबमध्ये रक्त तपासलं, त्यातली शेवटची वर्षं यवतमाळकडे गेली, म्हणून सांगतो. आपल्या गावागावांत हा शब्द पोचला तो २०१७ च्या हंगामात. कापसावर फवारता फवारता माणसं पडली, जिल्ह्यात वीसहून अधिक दगावली. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक कोलिनेस्टरेझ हे एन्झाइम बंद पाडतं, म्हणून रक्तात ते किती काम करतंय हे बघतात. पण सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, मोजतात ते यकृतात तयार होणारं त्याचं भावंड. यकृत बिघडलं, अंगात अन्न नसलं तरी ते खाली येतं. आईच्या डोक्यात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही.

तुम्ही वाचलं ते अगदीच खोटं नाही, बरं का. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यातला एक निरोप्या म्हणजे असिटिलकोलिन. तो घडवणारं एन्झाइम अल्झायमरच्या (डिमेन्शियाच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकाराच्या) रुग्णांत फार कमी झालेलं असतं, हे १९७६ च्या सुमारास मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत दिसलं. १९९९ मध्ये बीटा-सिक्रिटेझ नावाचं आणखी एक एन्झाइम हाती लागलं. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड प्रथिनाचा गाळ बनतो त्यात पहिली कात्री हेच चालवतं. हा गाळ विसर दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचू लागतो, म्हणून संशोधकांचा डोळा अशा एन्झाइमांवर आहे. पण तिथलं मोजमाप म्हणजे बहुतेक पाठीतलं पाणी काढून नाहीतर खास स्कॅननं, आणि तेही संशोधनापुरतं. रक्ताच्या तपासणीत पुढे सरकलंय ते पी-टाऊ २१७, आणि ते एन्झाइम नव्हे, प्रथिन.

गंमत पाहा. स्मरणासाठी देतात ती डोनेपेझिलची गोळी फवारणीत बंद पडणाऱ्या कोलिनेस्टरेझलाच, म्हणजे असिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला, आवरते. गोळी सैल धरते, मग सोडते. फवारणीचं विष गच्च धरून बसतं. गोळीनं कुणाला मळमळ, जुलाब होतात, कुणाची नाडी मंद पडते ती त्यामुळंच. मेडिकलवाल्याला विचारून परस्पर आणू नका.

आता आईचं. तुमचं घर माळकरी, म्हणजे बी-१२ आधी तपासा. कमी असलं तर विसर पडतो आणि इंजेक्शननं पुष्कळदा सुधारतो. सोबत थायरॉइड, साखर. आणि घरातली गोळ्यांची पिशवी सगळीच्या सगळी डॉक्टरांपुढे ओता. झोपेसाठी कुणी दिलेली अमिट्रिप्टिलिन, सर्दीची क्लोरफेनिरामाइन, या त्याच निरोप्याला अडवतात. माझ्या सासूबाईंचा अर्धा विसर अशाच एका पुडीत निघाला होता. मागच्या सहा महिन्यांत आई पडली-बिडली का, डोक्याला लागलं का, तेही सांगा. म्हाताऱ्या माणसाच्या कवटीत रक्त हळूहळू साचतं, घरच्यांच्या ध्यानातही येत नाही.

आई शाळेत गेली नाही असं लिहिलंय. मग शंभरातून सात वजा करायला लावणारी ३० गुणांची चाचणी घेऊन ‘नापास’ ठरवू देऊ नका. न शिकलेल्यांसाठी वेगळी हिंदी चाचणी हरियाणातल्या बल्लभगडला तयार झालेली आहे. डॉक्टरांना तशी घ्या म्हणा, मराठीतून. घरी तुम्ही एवढंच टिपून ठेवा: पोळा झाला की व्हायचा आहे ते आईला कळतं का, बाजारात दिलेल्या नोटेचे पैसे परत किती यायला हवेत ते सांगता येतं का, वावरातून एकटी घरी येते का. आधी जमायचं ते आता जमत नसेल, तर कधीपासून, हेही लिहा. डॉक्टरांना ती वही तुमच्या कोलिनेस्टरेझपेक्षा जास्त सांगेल.

पिशवीत काय काय निघालं ते मात्र कळवा.