वाचक विचारतात : प्रभागाच्या कारभारात आपण कुठे हात लावायचा?

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. सोसायटी, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ किंवा गणेशोत्सव मंडळ वर्षानुवर्षं सांभाळलेल्या माणसांना आता पालिकेच्या कारभारासाठी वेळ द्यायचा आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

नौपाडा, ठाणे : आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी आठवड्याला चार तास देऊ शकतो. निवडणूक न लढवता पालिकेच्या कामात कायदेशीर जागा मिळते का?

मिळते, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी मिळते.

पहिली जागा प्रभाग समितीत. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29-अ प्रमाणे त्या समितीत स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात. ही नावं त्या समितीतले नगरसेवक ठरवतात, आयुक्त नव्हे. संस्था मान्यताप्राप्त हवी, तिचं काम त्याच हद्दीत हवं आणि व्यक्ती तिथली मतदार हवी. नगरसेवकांनीच नावं द्यायची असल्यामुळे आपल्या पक्षाची माणसं बसवण्याची ओढ असते. म्हणून तोंडी विनंतीवर थांबू नका. समितीचे सभापती आणि तुमच्या प्रभागातले सगळे नगरसेवक यांना एकच लेखी अर्ज द्या. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, केलेल्या कामांचं एक पान आणि मतदार यादीतला भाग व अनुक्रमांक जोडा. अर्जाची प्रत सहायक आयुक्तांच्या आवक टेबलावर देऊन पोच घ्या.

नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवकच नसल्यावर त्यांनी सुचवायची नावं कोण सुचवणार? आता सभागृह आलं आहे. समित्या बसत असतानाच अर्ज गेला पाहिजे, एकदा नावं ठरली की पुढे बराच काळ वाट पाहावी लागते.

प्रभाग समितीचा हट्ट नसेल तर महापालिका शाळेकडे वळा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. उरलेल्या जागांमध्ये स्थानिक शिक्षणतज्ज्ञाला स्थान आहे, तिथे निवृत्त शिक्षक चपखल बसतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याच्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या असतात आणि रहिवासी संघटना, स्वयंसेवी संस्था यांनाही जागा राखलेली आहे. वस्तीत राहणाऱ्या भगिनींसाठी महिला आरोग्य समिती आहे. साधारण 50 ते 100 घरांमागे दहा-बारा जणींची ही समिती असते. आमच्या मते सर्वात कमी गाजावाजा आणि सर्वात जास्त उपयोग याच समितीचा आहे, कारण लसीकरण चुकलेलं मूल तिला नावानिशी ठाऊक असतं.

कोपरखैरणे : पदपथावरचे पेव्हर ब्लॉक दर पावसाळ्यात खचतात. तक्रार केली की तेच ब्लॉक पुन्हा बसवून जातात. वर्गणी काढून आम्हीच नीट बसवून घेतले तर?

कृपा करून तसं करू नका. काम दोषदायित्व कालावधीत, म्हणजे काम पूर्ण झाल्यानंतर त्यातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर राहते त्या ठरावीक मुदतीत असेल, तर दुरुस्ती फुकट करून देणं ठेकेदारावर बंधनकारक असतं. तुम्ही हात लावलात की ‘रहिवाशांनी छेडछाड केली’ हे कारण त्याच्या हाती आयतं पडतं, आणि पुरावाही जातो.

आधी ब्लॉक का खचतो ते समजून घ्या. ब्लॉकखाली साधारण 25 ते 40 मिमी वाळूचा थर असतो आणि त्याखाली दाबून बसवलेली खडी किंवा मुरूम. खालचा थर नीट दाबलेला नसेल तर समतल साधायला वरून वाळूच जाड ओतली जाते. दहा सेंटिमीटर वाळू भरलेली असेल तर पहिल्या दोन जोरदार सरींत ती सांध्यांतून गटारात जाते आणि ब्लॉक झोपतात. दुसरं कारण कडेचं. कर्बचा दगड सैल असेल तर ओळच्या ओळ बाहेर सरकते. तिसरं म्हणजे केबल किंवा गॅसच्या पाइपसाठी खणलेला चर. तो थराथराने न दाबता एकदम माती लोटून बुजवला की वर काहीही लावा, बसणारच. खचलेला भाग सरळ पट्ट्यासारखा दिसत असेल तर चराचा संशय घ्या, वाटीसारखा दिसत असेल तर गटाराची गळती तपासायला सांगा.

जाडीही पाहा. भारतीय मानक 15658 नुसार हलक्या वाहतुकीला 60 मिमी जाडीचा, एम-35 प्रतीचा (हा आकडा काँक्रीटच्या मजबुतीचा) ब्लॉक लागतो. मध्यम वाहतुकीला 80 मिमी आणि एम-40. ज्या पदपथावर टेम्पो चढतात तिथे पातळ ब्लॉक लावले असतील तर दोष कागदावरच सुरू झाला आहे. स्वतः ब्लॉक उचकटू नका. आधीच निघालेला ब्लॉक स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा. पट्टीवरचे आकडे वाचता आले पाहिजेत आणि मागे दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसला पाहिजे.

मग माहिती अधिकारात चार कागद मागा : कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश), अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) संबंधित पानं आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख. ‘काम निकृष्ट का झाले?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर अभिलेखात नसतं, त्यामुळे अर्ज तिथेच बाद होतो. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फार थोडे लोक वापरतात. जरूर वापरा.

कागद हाती आले की कनिष्ठ अभियंत्याला पत्र लिहा : ‘अमुक चौक ते अमुक दुकान, लांबी 14 मी., खचलेली खोली 5 सेंमी, कार्यादेश क्रमांक अमुक, दोषदायित्व अमुक तारखेपर्यंत. संयुक्त पाहणी करून ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी.’ शेरेबाजी नको. असं पत्र उपअभियंत्याच्या टेबलावरून परत फिरवणं कठीण जातं, कारण त्यावर काही न लिहिणं हीसुद्धा नोंद होते.

घणसोली : कुठलीही तक्रार दिली की ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकावं लागतं. नेमकं कुणाकडे जायचं?

नवी मुंबईचा हा जुना गुंता आहे. शहर सिडकोने वसवलं, महापालिका 1992 मध्ये आली, आणि भूखंड, उद्यानं, मार्केट टप्प्याटप्प्याने तिच्याकडे हस्तांतरित होत गेली. त्यात औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी, सायन-पनवेल महामार्गावर सार्वजनिक बांधकाम विभाग, खाडीकाठच्या कांदळवनात वन विभाग. खारघर, कामोठे, कळंबोलीच्या वाचकांनी लक्षात ठेवावं की त्यांची महापालिका पनवेलची आहे, ऑक्टोबर 2016 पासून.

यावर उपाय एकच. प्रभागाचा एक मोठा नकाशा काढा आणि प्रत्येक रस्ता, नाला, मैदान, रिकामा भूखंड यांपुढे मालक संस्था लिहा. शंका असेल तिथे ‘हस्तांतरणाची ताबापावती’ माहिती अधिकारात मागा. चुकीच्या कार्यालयात हा अर्ज गेला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. ‘परत घेऊन जा’ म्हणाले तर जाऊ नका, आवक क्रमांक घ्या. दोन-तीन महिन्यांत हा नकाशा पुरा होतो, आणि पुढची कित्येक वर्षं नव्या कार्यकर्त्याला तो हातात देता येतो.

ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं. नाव वेगळं, टेबल तेच : स्वच्छतेला स्वच्छता निरीक्षक, रस्ता-गटाराला कनिष्ठ अभियंता, अतिक्रमणाला सहायक आयुक्त. खालून वर जा. आयुक्तांना पहिलंच पत्र लिहिलंत तर ते शेरा मारून खालीच येतं, आणि मधले दिवस वाया जातात.

कळवा : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला नालेसफाईवर देखरेख ठेवायची आहे. कशी ठेवावी?

नाल्यात उतरायचं नाही, काठावरूनही वाकायचं नाही, हे आधी ठरवा. मोजणी फक्त पुलाच्या कठड्यामागून करा.

एक लांब बांबू घ्या, त्यावर दर 10 सेंटिमीटरला लाल रंगाची रेघ मारा. मार्चअखेर, काम सुरू होण्याआधी, नाल्यावरच्या प्रत्येक पुलावरून बांबू सोडा. गाळाचा मऊ थर लागतो ते पहिलं वाचन, दाबून टणक तळ लागतो ते दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे गाळाची जाडी. समजा 200 मीटर लांबी, 4 मीटर रुंदी आणि सरासरी 60 सेंमी गाळ, म्हणजे 480 घनमीटर. एका डंपरमध्ये 8 घनमीटर धरले तर 60 फेऱ्या. गाळ निथळल्यावर आक्रसतो, म्हणून पन्नासच्या आसपास फेऱ्या दिसल्या तर ठीक. पंधराच दिसल्या तर वजनकाट्याच्या पावत्या मागा. पावतीवर गाडीचा क्रमांक, रिकामं व भरलेलं वजन आणि वेळ, चारही गोष्टी असाव्यात.

सर्वात जास्त घोळ काठावर टाकलेल्या गाळाचा होतो. निथळण्यासाठी एक-दोन दिवस ठेवणं समजू शकतं, पण मेच्या शेवटी पडलेला ढीग पहिल्या पावसात पुन्हा आत जातो. ढिगाचा फोटो एकाच जागेवरून रोज काढा. मोजणी ओहोटीला करा, आणि तिन्ही वेळा, म्हणजे आधी, मध्ये, नंतर, ओहोटीलाच. कळव्याच्या नाल्यांत खाडीचं पाणी भरतीला मागे ढकललं जातं आणि वाचन चुकतं.

नवी मुंबईकरांसाठी एक भर. वाशी, बेलापूरकडे पावसाचं पाणी आधी धारण तलावांत जातं. भरतीला तोंडाचे झडपदरवाजे मिटतात आणि ओहोटीला उघडतात. तलाव गाळाने भरला किंवा झडप अडकली की नाले कितीही साफ असले तरी पाणी रस्त्यावर येतं. म्हणून देखरेखीत झडपा मिटतात-उघडतात का हेही नोंदवा. तलावात कांदळवन वाढलं असेल तर त्याला उच्च न्यायालयाचं संरक्षण आहे. उत्साहाच्या भरात स्वयंसेवकांनी त्याची एक फांदीही तोडू नये.

वाशी : अंदाजपत्रकात आमच्या विभागाचं काम यावं यासाठी कधी सांगायचं?

फेब्रुवारीत वर्तमानपत्रातून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि विभागांच्या मागण्या त्याआधी कित्येक महिने गोळा होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पत्र द्या. तीनच कामं मागा, प्रत्येकाची लांबी-रुंदी, जागेची मालकी आणि लाभ घेणाऱ्या घरांची संख्या लिहा. वीस कामांची यादी दिली की त्यातलं सर्वात सोपं उचललं जातं, गरजेचं राहून जातं. एका प्रभागात चार नगरसेवक असतील तर चौघांच्याही सह्या एकाच पत्रावर घ्या. वेगवेगळी पत्रं दिलीत तर काम ‘कुणाचं’ यावर अडतं.

माजिवडा, ठाणे : सतत अर्ज केले तर अधिकारी वैरी समजू लागतात. संबंध न बिघडवता काम कसं करून घ्यावं?

भीती रास्त आहे. प्रत्येक गोष्टीला माहिती अधिकार लावू नका. शासनाच्या 2018 च्या निर्णयानुसार सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहता येतात. आधी तिथे जाऊन फाइल पाहा, पुष्कळदा शंका तिथेच फिटते. काम झालं तर तेही पत्राने कळवा आणि प्रत वरिष्ठांना द्या. कनिष्ठ अभियंत्याच्या नावाने चांगलं लिहिलेलं पत्र त्याच्या कार्यालयात क्वचितच येतं.

तरीही उत्तर नाही आलं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा महापालिका लोकशाही दिन आहे. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत. न्यायप्रविष्ट बाब, नोकरीविषयक बाब आणि माहिती अधिकाराचे अर्ज तिथे घेत नाहीत. माहितीच नाकारली असेल तर 30 दिवसांत पहिलं अपील आणि मग 90 दिवसांत राज्य माहिती आयोग. आपल्या भागासाठी त्याचं कोकण खंडपीठ बेलापूरलाच आहे.

ऐरोली : आमचा गट दोन वर्षांत विस्कटतो. एका सदस्याने पालिकेचं उद्यान देखभालीचं कंत्राट घेतलं, त्यावरून वाद झाला. नियम काय असावा?

कंत्राट घेणं गुन्हा नाही, पण त्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटात तो सदस्य राहू शकत नाही. ज्या दिवशी निविदा भरली त्याच दिवशी त्याने बाजूला व्हावं, हे गटाच्या पहिल्या ठरावातच लिहा. नातेवाइकांची फर्मही यात धरा. निवडणुकीला उभं राहायचं असेल त्यानेही उमेदवारी अर्ज भरण्याआधी गटाचं पद सोडावं.

विस्कटण्याचं कारण बहुधा भांडण नसतं. सगळे कागद एकाच माणसाच्या पिशवीत असतात आणि तो मुलाकडे पुण्याला राहायला जातो. एक जाड वही ठेवा. त्यात तारीख, विषय, आवक क्रमांक, कुणाला दिलं, मुदत कधी संपते आणि पुढचं पाऊल कुणाचं, असे सहा रकाने आखा. कागदांच्या प्रती दोन घरांत ठेवा. बैठक महिन्याला एकच, तासाभराची, आणि तिची सुरुवात वहीतल्या मुदत संपलेल्या नोंदींपासून करा.