नऊ महिन्यांच्या मुलीला गोवरची लस द्यावी का? घरात दोन मतं आहेत

तुम्ही लिहिलंय की सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी सगळ्यांनाच गोवर निघायचा, कुणाला काय झालं?" आणि मिस्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की या लसीने मुलं स्वमग्न (ऑटिस्टिक) होतात. मी आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. ही दोन्ही वाक्यं मी दारोदार ऐकली आहेत. लस द्या, आणि नऊ महिने पूर्ण झाले की लगेच द्या.

सासूबाईंचं आधी. माझ्या आईच्या पेटीत तळाशी खणाची एक कुंची असायची. माझ्या थोरल्या बहिणीची. तिला दीड वर्षाची असताना गोवर निघाला. देवीचं आहे, औषध करायचं नाही म्हणून उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला. पुरळ मावळलं, पण छाती भरली आणि दोन दिवसांत ती गेली. आईने ती कुंची पुढे आम्हा कुणाच्याच डोक्यावर घातली नाही आणि टाकूनही दिली नाही. सगळ्यांना निघायचा हे खरंच आहे. ज्यांचं मूल गेलं त्या बायका चारचौघीत त्याबद्दल बोलत नसत.

आता स्वमग्नतेचं. हे सुरू झालं १९९८ मध्ये इंग्लंडात. अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने फक्त १२ मुलांवरून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तसा लेख लिहिला. पुढे ब्रायन डिअर या पत्रकाराने उघड केलं की लसकंपन्यांवर दावा लावायला निघालेल्या वकिलांकडून या डॉक्टरला पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदी फिरवलेल्या होत्या. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची माहिती तपासली, २०१९ मध्ये निष्कर्ष आला: लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण सारखंच. आईबापांना शंका का येते तेही मला कळतं. मूल बोलत नाही, नजर देत नाही हे लक्षात येतं दीड-दोन वर्षांचं झाल्यावर, आणि दुसरा डोसही त्याच सुमारास असतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाच्या एकत्रित लसीची मोहीम सुरू झाली तेव्हा आम्ही शाळाशाळांतून फिरलो. एका शाळेत अर्ध्या वर्गाच्या आया फाटकाशी उभ्या, पोरं द्यायला तयार नाहीत. पुढे मूल होणार नाही, असं कुणीतरी पसरवलं होतं. त्यांना मी अडाणी म्हणणार नाही. शाळेने त्यांना आधी काही सांगितलंच नव्हतं. दिल्लीत तर पालकांच्या संमतीचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि संमती घ्याच, असं न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. मला ते पटलं. विचारलं की माणसं ऐकतात.

न घेतल्याने काय होतं ते २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला दिसलं. करोनाच्या काळात डोस राहून गेले, मग गोवर वस्तीभर पसरला, मुलं दगावली. एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते, इतका तो पसरतो. म्हणून त्याला रोखायला १०० पैकी निदान ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात.

तुम्ही केंद्रावर जाल तेव्हा खुशाल विचारा. ही लस पूड असते, द्रावकात मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. कुपी किती वाजता फोडली ते सिस्टरला दाखवायला सांगा. माझ्या कुपीवर वेळ पेनाने लिहिलेली असायची, कुणी विचारलं की मला बरंच वाटायचं. मुलीला आधी एखाद्या लसीची जबरदस्त रिअ‍ॅक्शन आली असेल किंवा प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवूनच काय ते ठरवा. साधी सर्दी असेल तर लस लांबवू नका.

सासूबाईंना सोबत न्या. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा, अंगावर पाजलं तरी चालतं. आठ-दहा दिवसांनी ताप किंवा बारीक पुरळ आलं तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत जातं. आणि दुसऱ्या डोसची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका, तो १६ ते २४ महिन्यांत असतो.