वाचकांचे प्रश्न: रायडरचा मॅनेजर होतो तेव्हा

प्रश्न: मी हल्लीच स्पीडवे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक रेस, बघायला लागलोय. बऱ्याच टीमचे मॅनेजर जुने रायडर असतात असं दिसतं. पण रेस तर चार लॅपची, मिनिटभरात खेळ खलास, मग पिट्समध्ये, जिथे बाईक तयार करतात तिथे, कागद-पेन्सिल घेऊन उभा असलेला हा माणूस नेमकं करतो काय? आणि वर्ल्ड चॅम्पियन असलेलाच चांगला मॅनेजर होतो का?

उत्तर: रेस मिनिटभराची असते पण मॅच नाही ना. ब्रिटिश लीगमध्ये एका मॅचला १५ हीट म्हणजे १५ छोट्या रेस, टीममध्ये ७ जण, दर हीटला दोन्हीकडचे दोन-दोन रायडर, पहिल्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला भोपळा. समोरचे दोघं पहिले-दुसरे आले की ५-१, आणि असं लागोपाठ दोनदा झालं की ८ पॉइंटचा खड्डा. आज कुणाचा दिवस नाहीये, कुणाच्या जागी राखीव रायडर पाठवायचा, शेवटच्या हीटला कुठले दोघं उतरवायचे, हे सगळं दोन हीटच्या मधल्या वेळात ठरवायचं असतं.

आता हे गणित कागदावर कुणालाही जमेल हो. पण पिट्समध्ये काय होतं बघा. हीट संपून रायडर आत येतो, मेकॅनिक बाईक धरतो, हा गॉगल वर करतो, अख्ख्या तोंडावर मातीचा थर, आणि एवढंच म्हणतो की गाडी वळणात बाहेर जातेय. याचा अर्थ काय घ्यायचा? मागचं स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक बदलायचं, टायरमधली हवा कमी करायची, की गाडी ठणठणीत आहे आणि हाच मागच्या हीटला पडला म्हणून आता गॅस लवकर सोडतोय? ५०० सीसीचं एका सिलिंडरचं मिथेनॉलवर चालणारं इंजिन, रेसमध्ये गिअर एकच, ब्रेक नाहीतच, आणि डाव्या बुटाला स्टीलचा तळ बांधलेला म्हणजे वळणात पाय घासत नेता येतो. त्यात ट्रॅकही सारखा बदलत असतो, ट्रॅक्टर फिरतो, पाणी मारतात, सुटी माती बाहेरच्या कडेला सरकते, आणि मघाशी नकोसं वाटणारं चौथं गेट, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात बाहेरची जागा, अचानक सोन्याचं होतं. ज्याने स्वतः वर्षानुवर्षं तिथून गाडी काढलीय त्याला हे चटकन दिसतं. भीतीचंही तसंच आहे. घाबरलेल्या पोरावर ओरडून काही होत नाही, त्याला एक हीट बसवायचं आणि तेसुद्धा बाकीच्यांसमोर त्याची मान खाली जाऊ न देता, हे मला तरी मॅनेजरचं सगळ्यात अवघड काम वाटतं.

आता चॅम्पियनचं. डेन्मार्कचा ओले ओलसेन १९७१, १९७५ आणि १९७८ चा वर्ल्ड चॅम्पियन, त्याने स्वतः रेसिंग करत असतानाच १९७५ मध्ये डेन्मार्कमधल्या वॉयन्सला ट्रॅक उभा केला, पुढे डेन्मार्कच्या टीमची जबाबदारी घेतली आणि नंतर स्पीडवे ग्रां प्रीचा रेस डायरेक्टर झाला. म्हणजे चॅम्पियनला जमत नाही असं अजिबात नाही. पण पोलंडचा मारेक चेशलाक बघा, वैयक्तिक वर्ल्ड टायटल कधीच मिळालं नाही, १९७७ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटीकडून खेळून ब्रिटिश लीग जिंकलेल्या टीममध्ये होता एवढंच, आणि मॅनेजर म्हणून त्याने पोलंडला २००७ ते २०१७ या काळात सात वर्ल्ड कप जिंकून दिले! ऑस्ट्रेलियाचा नील स्ट्रीटही तसाच, रायडर होता, मग इंजिनात डोकं घालून जावाच्या इंजिनाला चार व्हॉल्व्ह बसवले, आणि पुढे ऑस्ट्रेलियाची टीम सांभाळली. माझं मत विचाराल तर राखीव जागेवर बसून दुसऱ्यांच्या रेस बारकाईने बघितलेला रायडर जास्त शिकतो, कारण ज्याला सगळं आपोआप जमतं त्याला ते दुसऱ्याला समजावून सांगता येतंच असं नाही.

प्रश्न: रायडरने मॅनेजर व्हायचं कधी ठरवावं?

उत्तर: बऱ्याचदा ते तो ठरवतच नाही, दुखापत ठरवते. एरिक गुंडरसन, डेन्मार्कचा, तीन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन, १९८९ मध्ये ब्रॅडफर्डला वर्ल्ड टीम कपच्या फायनलमध्ये पहिल्याच वळणावर इतका वाईट पडला की कोमात गेला, नंतर पुन्हा चालायला शिकावं लागलं, रेसिंग मात्र तिथेच संपलं. आणि हाच माणूस पुढे डेन्मार्कच्या टीमचा मॅनेजर झाला. ज्या वळणाने सगळं हिरावून घेतलं त्याच वळणावर पोरांना पाठवायचं, मला तर हे नुसतं लिहितानाही गलबलून येतं.

ती फायनल इंग्लंडने जिंकली होती आणि त्यानंतर ब्रिटनला सांघिक वर्ल्ड टायटल थेट २०२१ मध्ये मँचेस्टरला मिळालं, ३२ वर्षांनी, आणि तेव्हा मॅनेजर होते ऑलिव्हर ॲलन आणि सायमन स्टेड, दोघंही जुने रायडर. २०२१ च्या त्या स्पर्धेत, म्हणजे स्पीडवे ऑफ नेशन्समध्ये, पॉइंट लीगसारखे नाही तर ४, ३, २, ० असे असतात, म्हणजे तुमचे दोघं दुसरे-तिसरे आले तर ५ आणि समोरचे पहिले-शेवटचे आले तर ४. पुढे पळत सुटलेल्या रायडरला मागे वळून आपल्या जोडीदाराकडे बघायला लावायचं, हे त्याच्या गळी उतरवायला स्वतः ते कधीतरी केलेला माणूस लागतो.

पुढची लीग मॅच बघाल तेव्हा १४ वी हीट संपली की स्कोअरकडे नका बघू, मॅनेजर कुणाच्या खांद्यावर हात ठेवतो ते बघा, १५ व्या हीटला तोच उतरेल.