संग्रहातलं काय जपायचं, काय म्हातारं होऊ द्यायचं?

प्रश्न: आम्ही नवराबायको बरीच वर्षं समकालीन चित्रं-शिल्पं विकत घेतो. ‘माणसाचं असणं’ हा विषय ठरवून घेतला आहे. पण आता भिंतीवर नुसते उदास चेहरे दिसतात आणि नव्या खरेदीवर आमचं एकमतही होत नाही.

विषय फार मोठा घेतलात. ‘माणसाचं असणं’ या नावाखाली काहीही बसतं, त्यामुळे निवडीला त्याचा उपयोग होत नाही आणि हात आपोआप सर्वात सोप्या खुणेकडे, म्हणजे दुःखी चेहऱ्याकडे जातो. त्याऐवजी दोन-तीन टोकदार प्रश्न लिहून काढा. श्रमानं शरीराचं काय होतं? माणूस गेल्यावर त्याची जागा कशी दिसते? एकच दिवस जगणं म्हणजे काय?

असे प्रश्न समोर असले की चेहरा नसलेली कामंही दिसू लागतात. ऑन कावारा यांनी ४ जानेवारी १९६६ पासून एकरंगी पार्श्वभूमीवर फक्त त्या-त्या दिवसाची तारीख रंगवली. मध्यरात्रीपर्यंत चित्र पुरं झालं नाही तर ते नष्ट करायचे. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांनी १९९१ मध्ये एड्सनं गेलेल्या आपल्या जोडीदाराचं ‘व्यक्तिचित्र’ केलं ते रंगीत कागदातल्या गोळ्यांच्या ढिगाचं. ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. बघणारा गोळी उचलून नेतो आणि ढीग झिजत जातो. या दोन्हींत उदास चेहरा कुठेच नाही.

नवं काम घेण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहावं, हे आपल्या कुठल्या प्रश्नाला भिडतं आणि कसं. दोन्ही कागदांवर ‘मन हेलावतं’ एवढंच आलं तर थांबा.

एकमताचं म्हणाल, तर न्यू यॉर्कचे हर्बर्ट आणि डॉरोथी व्होगेल हे जोडपं आठवतं. तो टपालखात्यात, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारात कला यायची. अटी साध्या होत्या: खिशाला परवडावं आणि एका बेडरूमच्या घरात मावावं. त्यांचा संग्रह १९९२ पासून वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे जाऊ लागला. अटी इतक्या कोरड्या असल्या की भांडण रुचीवर होतं, पैशावर होत नाही. आमचा सल्ला असा: दोघांनाही नकाराधिकार ठेवा, पण वर्षातून एक खरेदी प्रत्येकाची एकट्याची असू द्या. दोघांनाही ‘ठीक आहे’ वाटलेली कामंच बहुधा संग्रहात सर्वात लवकर फिकी पडतात.

प्रश्न: कोळशानं केलेल्या एका मोठ्या रेखाटनाच्या कडेनं तपकिरी रेघ उमटली आहे. खालच्या माउंटवर (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर) काळी पूडही पडते. फ्रेम बदलताना काचेऐवजी हलकं ऍक्रिलिक लावलं होतं.

दोन वेगळे दोष आहेत. तपकिरी रेघ माउंटच्या खिडकीच्या कडेला लागून असेल, तर माउंटबोर्ड आम्लयुक्त आहे. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन कुजताना आम्ल सोडतं आणि ते चित्राच्या कागदात उतरतं. आलेली रेघ घरच्या उपायांनी जाणार नाही. ते काम कागद-संवर्धकाचं. पण पुढचं नुकसान आजच थांबवता येतं. कापसाच्या तंतूचा, आम्लमुक्त बोर्ड पुढे आणि मागे दोन्हीकडे घ्या. पुढचा बदलून मागचा तसाच ठेवणं ही नेहमीची चूक.

चित्र बोर्डवर चिकटवू नका. वरच्या कडेला मागून जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं लावा, म्हणजे चित्र त्यांवर लोंबतं आणि हवेतल्या ओलाव्यानं कागद फुगला-आकसला तरी त्याला जागा राहते. सेलोटेप, दुहेरी टेप आणि ‘ऍसिड-फ्री’ म्हणून विकली जाणारी स्वयंचिकट टेपसुद्धा टाळा. काही वर्षांत त्यांचा चिकटा कागदात मुरतो.

पूड पडण्यात ऍक्रिलिकचा हात असू शकतो. कोरड्या हवेत ते पुसलं की स्थिर वीज तयार होते आणि कोळशाचे सुटे कण कागदावरून उचलले जातात. पेस्टलचंही तेच. काच लावा किंवा स्थिर वीज रोखणारं खास ऍक्रिलिक मागवा. दोन्हींत चित्र आणि काच यांत ३ ते ६ मिलिमीटर अंतर हवं. दुहेरी माउंट करून आतला थर खिडकीच्या कडेपासून किंचित मागे ठेवला, तर गळणारी पूड त्या खाचेत पडते आणि पुढच्या माउंटवर दिसत नाही. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा, स्वतः मारायचा मोह आवरा. त्यानं काळ्याची मखमल जाते आणि चित्र गडद, सपाट होतं.

प्रश्न: त्वचेसारखं मऊ लॅटेक्सचं शिल्प घेतलं होतं. आता ते पिवळं, कडक झालं आहे, काही ठिकाणी चिकट. दुरुस्ती होईल का?

नाही. लॅटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर. ते ऑक्सिजन आणि प्रकाशानं आधी चिकट, मग कडक आणि ठिसूळ होतं. उलटा प्रवास नाही. ईव्हा हेस यांच्या १९६०च्या दशकातल्या लॅटेक्सच्या कामांचंही हेच झालं. तेल, पावडर, ‘रबर पुनरुज्जीवक’ यातलं काहीही लावू नका. काळोखात, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. खाली सिलिकॉनचा लेप असलेला कागद घाला. वर्तमानपत्र नको, बबलरॅप तर नकोच, त्याचे फुगे पृष्ठभागावर कायमचे ठसे पाडतात. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. तांब्या-पितळेचं स्क्रू, तार काही जवळ ठेवू नका, कारण तांबं रबराचं सडणं वेगानं वाढवतं. प्रदर्शन संपल्यावर संवर्धकाकडून ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद पाकिटात ते ठेवून घेता येतं.

आता खरा मुद्दा. माणसाच्या नश्वरतेवरची कामं पुष्कळदा नश्वर वस्तूंचीच असतात: लॅटेक्स, मेण, केस, साबण, मासे, रक्त. मार्क क्विन यांचं ‘सेल्फ’ (१९९१) हे स्वतःच्या गोठवलेल्या रक्ताचं डोकं आहे. शीतकपाट बंद पडलं तर ते उरणार नाही. डेमियन हर्स्ट यांनी १९९१ मध्ये फॉर्मॅल्डिहाइडमध्ये ठेवलेला शार्क कुजू लागला आणि २००६ मध्ये दुसरा आणून ठेवावा लागला. शार्क बदलल्यावर काम तेच राहिलं की नाही, यावर अजून वाद चालतात. अशा कामात झीज हा दोष आहे की आशय, हे संवर्धक ठरवू शकत नाही. चित्रकारच सांगू शकतो, तेही जिवंत असेपर्यंत.

म्हणून खरेदीच्या वेळीच चार गोष्टी विचारा आणि लेखी घ्या. नेमकं कुठलं साहित्य, कुठल्या नावानं मिळतं? काय बदललं तर चालेल, काय नाही? कुठली झीज मान्य आहे, कुठल्या टप्प्यावर काम ‘संपलं’ असं समजायचं? तुटलं तर पुन्हा कोण घडवणार, की घडवायचंच नाही? तुमच्या शिल्पकाराला आजच पत्र लिहा. ‘कडक होणं हेच काम आहे’ असं उत्तर आलं, तर चिंता मिटलीच. दर सहा महिन्यांनी त्याच जागेवरून, त्याच प्रकाशात फोटो काढत राहा.

प्रश्न: कागदावरच्या कामांवर प्रकाश किती असावा? यूव्ही (अतिनील किरण) रोखणारी काच लावली आहे, म्हणजे भीती नाही ना?

भीती कमी झाली, गेली नाही. दिसणारा प्रकाशही रंग उडवतो. कागद, जलरंग, रंगीत फोटो यांना ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक). तैलचित्रांना १५० ते २०० लक्स. नुकसान साठत जातं: ५० लक्सवर वर्षभरात जेवढी झीज होते, तेवढी ५०० लक्सवर साधारण साडेछत्तीस दिवसांत उरकते. चार महिने भिंतीवर, मग पेटीत ठेवा. पेटीत ठेवून उडालेला रंग परत येत नाही, पण पुढची उधळपट्टी थांबते. रंगीत फोटो मात्र अंधारातही हळूहळू विटतात, त्यांना थंड जागा हवी.

उठावाचं काम असेल तर समोरून प्रकाश टाकू नका. सोमनाथ होर यांच्या ‘वूण्ड्स’ मालिकेसारखी पांढऱ्यावर पांढरी, कागदाच्या लगद्यातली जखम समोरच्या दिव्यात गायब होते. एकाच बाजूनं, तिरपा दिवा द्या.

भिंत बाहेरच्या ओलीची असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. ६५च्या वर फार दिवस गेली की बुरशी येते.

प्रश्न: एक व्हिडिओ काम पेनड्राइव्हवर मिळालं आहे. तेवढं पुरेल?

पेनड्राइव्ह हा तुमचा संग्रह नाही, प्रमाणपत्र हा आहे. त्यावर आवृत्तीतला क्रमांक (एकूण प्रतींपैकी ही कितवी), लांबी, आवाज, पडद्याचा आकार आणि ‘लूप’मध्ये दाखवायचं की नाही, हे सही-तारखेसह हवं. कलाकाराकडून मूळ, कमीत कमी दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल मागा. दाखवायची फाइल वेगळी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. वर्षातून एकदा उघडून शेवटपर्यंत पाहा. विकत घेतल्यानं स्वामित्वहक्क तुमच्याकडे येत नाहीत. पुस्तकात छापायचं तर परवानगी लागते.

प्रश्न: आमच्यानंतर हे सगळं एखाद्या संग्रहालयाला द्यावं असं वाटतं. आधी काय करावं?

यादी. प्रत्येक कामाला क्रमांक द्या, उदाहरणार्थ २०२४.०३, उंची × रुंदी × खोली सेंटिमीटरमध्ये, साहित्य, वर्ष, सही कुठे आहे, बिल, आधीचे मालक, पुढचा-मागचा फोटो. क्रमांक चित्रावर लिहायचा नाही, फ्रेमच्या मागे पेन्सिलनं. वर उल्लेखलेली चित्रकारांची पत्रं त्याच फाइलमध्ये.

मग संग्रहालयाशी हयातीतच बोला. ‘कायम एकत्र दाखवावं’ ही अट बहुतेक ठिकाणी नकार मिळवते. त्यांच्याकडेही भिंती मोजक्याच असतात. कुठलं काम दोघांचं, कुठलं एकट्याचं, हे मृत्युपत्रात स्पष्ट नसेल तर वारसांमध्ये पहिली ओढाताण नेमकी त्या एकट्याच्या खरेदीवरूनच होते.