भांगेचं रोप नर की मादी, हे फुलोऱ्याआधी कसं ओळखायचं?

पेरांवरच्या पूर्वकळ्या पाहून ओळखता येतं, पण त्यासाठी उगवणीनंतर साधारण ४ ते ६ आठवडे थांबावं लागतं. खोडाच्या वरच्या पेरांवर, पानाचा देठ खोडाला मिळतो त्या बेचक्यात भिंगाने बघा. तिथलं टोकदार हिरवं उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारं छोटं पानासारखं पातं, दोन्हींत असतं. त्यालाच कळी समजून बरेच जण फसतात. त्याच्या शेजारी बारीक देठावर गोल, बंद गोळी असेल तर नर. खोडाला चिकटलेला निमुळता कोश आणि त्यातून दोन पांढरे केस बाहेर आले असतील तर मादी. केस दिसेपर्यंत मादी म्हणू नका, कोवळी नर कळीही सुरुवातीला फसवी दिसते. उंची, पानांचा आकार, बियांचा रंग वगैरे खुणा निव्वळ अंदाज. याहून लवकर हवं असेल तर रोपावस्थेतच पानाच्या तुकड्याची डीएनए चाचणी करता येते, कारण नरात वाय गुणसूत्र असतं. मात्र चाचणीत मादी ठरलेलं रोपही ताणामुळे, उदाहरणार्थ अंधाराच्या वेळेत उजेड पडत राहिल्यास, पुढे नर फुलं धरू शकतं. म्हणून फुलोऱ्यात पाहणी चालूच ठेवा.